सीएमएमआय : तिसरा स्तर ओलांडून थेट चौथ्याकडे जाता येते का?

रातराणी (पुणे)

नमस्कार. मी पुण्यातील पंचेचाळीस जणांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत चाचणी विभाग सांभाळते. गोदामांतील मालसाठ्याचा हिशेब ठेवणारी प्रणाली आम्ही तयार करतो आणि आमचे निम्म्याहून अधिक काम परदेशातील एकाच ग्राहकाकडून येते. दीड वर्षाच्या आत आमच्या विकास विभागाने सीएमएमआयचा (कंपनीची काम करण्याची रीत किती पक्की आहे हे पाच स्तरांत मापणाऱ्या मॉडेलचा) किमान तिसरा परिपक्वता स्तर मिळवावा, अशी अट या ग्राहकाने पुढील करारात घातली असून ती पूर्ण करण्याचे काम मालकांनी माझ्याकडे दिले आहे.

मालकांचे म्हणणे असे आहे की टिकिटांच्या (दोष व मागण्यांच्या नोंदींच्या) प्रणालीत आपल्याकडे चार वर्षांच्या नोंदी आहेत, प्रत्येक दोष कधी सापडला आणि कधी मिटला याची तारीख-वेळ आहे. चौथा स्तर जर आकड्यांचाच असेल आणि आकडे जर हाताशी असतील, तर तिसऱ्यावर थांबायचे कशाला? मला हे पटत नाही, परंतु का पटत नाही ते त्यांना समजेल अशा शब्दांत सांगताही येत नाही. मॉडेल मी वाचले आहे. प्रत्येक पातळीवर काय करायला हवे ते त्यात सापडते. अमुक पायरी तमुक पायरीच्या आधीच का, हे मात्र मला नीट उमगलेले नाही.

दुसरी चिंता अधिक जवळची आहे. पूर्वी मी एका मोठ्या कंपनीत होते. तेथे अप्रेझलच्या (स्तर ठरवणाऱ्या तपासणीच्या) आधीचे तीन आठवडे आम्ही रात्री थांबून, कधी न झालेल्या रिव्ह्यूंच्या (सहकाऱ्यांनी काम वाचून करायच्या तपासण्यांच्या) नोंदी मागील तारखा घालून भरल्या होत्या. स्तर मिळाला, पण त्यानंतर त्या कंपनीत ‘प्रोसेस’ हा शब्द कोणी आदराने उच्चारला नाही. ते मला येथे होऊ द्यायचे नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

जुना_क्यूए

आपला प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर या स्तरांच्या उगमात सापडते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंत्राटदारांपैकी कोण काम वेळेत आणि धड करील, हे करार करण्याआधी ओळखण्याची गरज भासू लागली होती. त्या खात्याच्या निधीतून 1984 मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली, आणि आयबीएममधील दीर्घ नोकरीनंतर वॉट्स हम्फ्री 1986 मध्ये तेथे आले. फिलिप क्रॉस्बी यांनी 1979 मध्ये गुणवत्ता व्यवस्थापनाच्या परिपक्वतेचे पाच टप्पे मांडले होते. ती कल्पना हम्फ्रींनी सॉफ्टवेअरच्या कामाला लावली. 1987 मध्ये कंत्राटदारांसाठी प्रश्नावली आली, 1991 मध्ये सीएमएमची (सीएमएमआयच्या आधीच्या मॉडेलची) पहिली आवृत्ती आणि 1993 मध्ये 1.1 ही आवृत्ती, जी पुढे भारतातील कंपन्यांनी अक्षरशः घोटून पाठ केली. वायटूकेच्या (सन 2000 च्या संगणकीय तारखांच्या अडचणीच्या) सुमारास अमेरिकेतील ग्राहकाला इथल्या अनोळखी कंपनीवर विश्वास कसा ठेवावा हा प्रश्न पडत असे आणि स्तर हे त्याचे तयार उत्तर होते. त्याआधीच, 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात, मोटोरोलाचे बंगळूरचे केंद्र पाचव्या स्तरावर पोहोचले होते.

आता क्रमाचे कारण. 1993 च्या आवृत्तीत एक विवेचन आहे ज्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि माझ्या मते संपूर्ण मॉडेलचे मर्म तेच आहे. प्रत्येक स्तरावर व्यवस्थापकाला कामाच्या आत किती दिसते, याचे ते वर्णन आहे. पहिल्या स्तरावर मागणी आत जाते आणि सॉफ्टवेअर बाहेर येते, मध्ये काय घडले ते कोणालाही सांगता येत नाही. काम पार पडते ते दोन-तीन निष्णात माणसांच्या जिवावर, आणि ती माणसे सोडून गेली की कंपनीचे कौशल्यही त्यांच्याबरोबर जाते. दुसऱ्या स्तरावर ठरावीक टप्प्यांवर खिडक्या उघडतात : आराखडा ठरला, मागण्या गोठवल्या, बांधणी झाली, तपासणी झाली. तिसऱ्यावर त्या टप्प्यांच्या आतले काम दिसू लागते, आणि ते कंपनीतील सर्व प्रकल्पांत एकाच ओळखीच्या रीतीने चाललेले दिसते. चौथ्यावर त्याच कामाकडे आकड्यांतून पाहता येते, आणि पाचव्यावर त्या आकड्यांच्या आधारे कामाची रीतच बदलता येते. जे अद्याप दिसतच नाही ते मोजणार कसे?

चौथा स्तर छोटा वाटतो त्यालाही कारण आहे. सीएमएमआयच्या 2010 मधील 1.3 या आवृत्तीत विकासासाठीच्या मॉडेलमध्ये 22 प्रक्रिया-क्षेत्रे (कामाचे ठरावीक विषय) होती. त्यांपैकी 7 दुसऱ्या स्तरावर, 11 तिसऱ्यावर, आणि चौथ्या व पाचव्यावर प्रत्येकी केवळ 2. यादी पाहणाऱ्याला वाटते की तिसरा जमला तर आणखी दोनच क्षेत्रे उरली. खरे पाहता ती दोन क्षेत्रे खालच्या अठरांच्या डोक्यावर उभी आहेत.

नियमाच्या अंगाने सांगायचे तर आधी तिसऱ्या स्तराचे प्रमाणपत्र घेतले नाही म्हणून चौथ्याचे अप्रेझल नाकारले जात नाही. पण चौथा देताना दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तराची प्रत्येक अपेक्षाही त्याच वेळी तपासली जाते. म्हणजे ओलांडून काहीच जाता येत नाही. फार तर सगळे एकदम दाखवता येते.

जाता जाता एक सूचना : जुनी कागदपत्रे वाचताना शब्दांकडे लक्ष ठेवावे. सीएमएममध्ये ‘मॅनेज्ड’ हे चौथ्या स्तराचे नाव होते, सीएमएमआयमध्ये ते दुसऱ्या स्तराला दिले गेले. हा घोळ मी अनुभवी सल्लागारांच्या सादरीकरणातही पाहिला आहे.

देवराई

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. मालकांना समजावण्यासाठी मात्र आकडेच कामी येतील, म्हणून एक उदाहरण देतो. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही कंपनीचे नाहीत.

समजा, कोड रिव्ह्यू ताशी किती ओळींच्या वेगाने झाला हे आपण मोजतो. एका कंपनीत रिव्ह्यू म्हणजे काय हे ठरलेले आहे : आधी वाचून यायचे, तपासणी यादी समोर ठेवायची, दोष लिहून काढायचे. तेथील आठ रिव्ह्यूंचे वेग 150, 180, 140, 160, 170, 150, 190, 160 असे आले. सरासरी 162.5. लागोपाठच्या दोन आकड्यांमधील फरक काढले आणि त्यांची सरासरी घेतली, ती साधारण 27. कंट्रोल चार्टच्या (आकड्यांचा साधारण चढउतार किती हे दाखवणाऱ्या आलेखाच्या) नेहमीच्या रीतीनुसार या 27 ला 2.66 ने गुणून सरासरीच्या वर आणि खाली मर्यादा आखल्या, तर त्या साधारण 90 आणि 235 येतात. उद्या एखादा रिव्ह्यू ताशी 600 ओळींच्या वेगाने झाला, तर तो बिंदू मर्यादेबाहेर उठून दिसेल आणि आपण विचारू शकू की हा कोड खरोखर वाचला गेला का. हम्फ्रींनी व्यक्तिगत प्रक्रियेसाठी ताशी 200 ओळींच्या आत राहण्याची शिफारस केली होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता दुसरी कंपनी घ्या. तेथे चार जण रिव्ह्यू म्हणजे वर सांगितलेले काम समजतात आणि उरलेले चार जण ‘वरवर नजर टाकली, ठीक वाटले’ यालाही रिव्ह्यू म्हणून नोंदवतात. वेग येतात 150, 600, 140, 700, 120, 550, 160, 500. सरासरी 365, लागोपाठच्या फरकांची सरासरी सुमारे 459, आणि मर्यादा? वरची 1,585 च्या आसपास, आणि खालची शून्याच्याही खाली. या तक्त्यावर कोणताही रिव्ह्यू कधीच मर्यादेबाहेर जाणार नाही. ताशी 1,500 ओळी ‘वाचणारा’ माणूसही या चार्टच्या दृष्टीने नियंत्रणात आहे.

दोन्ही कंपन्यांकडे आकडे आहेत, चार्ट आहेत, सूत्र एकच आहे. फरक आहे तो त्या आठ नोंदींमागे एकच काम आहे की दोन वेगळी कामे एका नावाखाली मिसळली आहेत, एवढाच. आणि ते एक करणे म्हणजेच तिसरा स्तर. वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्ये बेल समूहातील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत पहिला कंट्रोल चार्ट काढला तेव्हा समोर एकाच साच्यातून निघणारे भाग होते. आपल्याकडे साचा नसतो, म्हणून कामाची व्याख्या साच्याचे काम करते. ती नसताना काढलेली बेसलाइन (पुढच्या तुलनेचा पाया) ही कशाचीच बेसलाइन नसते.

मालकांना एक प्रयोग सुचवा. चार वर्षांच्या नोंदींतून कोणतेही वीस दोष काढा आणि दोन वेगवेगळ्या टीमच्या प्रमुखांना स्वतंत्रपणे त्यांचे वर्गीकरण करायला सांगा. दोघांची उत्तरे किती जुळतात ते पाहा.

रातराणी (पुणे)

आपणा दोघांचे मनापासून आभार. हा प्रयोग मी काल दुपारी केला आणि निकाल पाहून मालकही गप्प झाले. वीसपैकी अकराच नोंदी जुळल्या. मोबाइल ॲप करणारी टीम ग्राहकाने नव्याने मागितलेले बदलही ‘दोष’ म्हणून नोंदवते, कारण त्या प्रकारच्या टिकिटाकडे लवकर लक्ष दिले जाते. सर्व्हरचे काम करणारी टीम मात्र निम्मे दोष जागेवर जाऊन सांगते आणि त्यांचे टिकीटच निघत नाही.

मग मी टाइमशीटही उघडून पाहिल्या. गेल्या महिन्यात एक्केचाळीस जणांनी प्रत्येक दिवशी बरोबर आठ तास भरले आहेत, आणि नोंदीची वेळ पाहिली तर जवळजवळ सगळ्या शुक्रवारी संध्याकाळी सहा ते साडेसहाच्या दरम्यानच्या. या तासांवरून कुठल्या कामाला किती वेळ लागला हे कसे कळणार? मी स्वतःही त्या एक्केचाळीस जणांत आहे.

तेव्हा चौथ्याचा विषय सध्या मिटला. आता विचारायचे ते असे की पंचेचाळीस जणांच्या कंपनीने सुरुवात कोठून करावी, आणि मागील तारखांच्या नोंदींचा प्रकार टाळायचा कसा?

खडकवासला

आमची तीस जणांची कंपनी या मार्गाने गेली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवात कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटपासून (फाइली आणि त्यांच्या आवृत्त्यांचा हिशेब ठेवण्यापासून) करावी, असे मी आग्रहाने सांगेन. ते दुसऱ्या स्तरातील सर्वांत कंटाळवाणे क्षेत्र समजले जाते, पण आमच्याकडे माणसांची मने वळली ती त्यानेच. नाशिकच्या एका ग्राहकाला आम्ही साठ्याच्या अहवालातील एक चूक दुरुस्त करून दिली होती. दोन महिन्यांनी तीच चूक परत आली. शोध घेतला तर त्या अहवालाचा कोड तीन ठिकाणी होता : एक सर्व्हरवर, आणि दोन एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर ‘फायनल’ आणि ‘फायनल नवीन’ या नावांनी. दुरुस्ती ‘फायनल’मध्ये झाली होती आणि पुढची बांधणी ‘फायनल नवीन’मधून गेली होती. ग्राहकाच्या हिशेबनिसाने रात्री अकरापर्यंत बसून हाताने मोजलेला साठा आणि आमचा अहवाल शेजारी ठेवून आम्हाला दाखवला. त्या दिवशी कोणालाही प्रक्रियेचे महत्त्व समजावून सांगावे लागले नाही. कोणती फाइल अधिकृत, ती कोण बदलू शकतो, आणि ग्राहकाकडे गेलेल्या प्रत्येक आवृत्तीत नेमके काय होते, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या दिवशी कोणालाही न विचारता मिळू लागतील, त्या दिवशी आपण दुसऱ्या स्तराच्या बऱ्याच जवळ आलेले असाल.

लहान कंपनीने मोठ्या कंपनीची दस्तऐवजांची भांडी उसनी आणू नयेत. आम्ही पहिल्या सहा महिन्यांत सल्लागाराने दिलेले सत्तरहून अधिक नमुने वापरायचा प्रयत्न केला आणि लोक मेटाकुटीला आले. मग आम्ही उलट दिशेने गेलो. चांगले झालेले दोन प्रकल्प निवडले, ते करणाऱ्यांना शेजारी बसवून ‘तुम्ही नेमके काय केले’ हे विचारले आणि तेच लिहून काढले. त्यातूनच आमची प्रमाणित प्रक्रिया तयार झाली. पाने होती चौदा. तिसऱ्या स्तराची अपेक्षा अशी असते की कंपनीची एक रीत असावी आणि प्रत्येक प्रकल्पाने ती आपल्या मापाने कमी-जास्त करून घ्यावी. या टेलरिंगचे नियम आधीच लिहून ठेवा. तीन आठवड्यांच्या कामाला आणि वर्षभराच्या कामाला एकच माप लावले की लोक खोट्या नोंदी करू लागतात. आपल्या पूर्वीच्या कंपनीत बहुधा हेच झाले असावे.

खोट्या नोंदी टाळण्याचा मला सापडलेला खात्रीचा उपाय असा की ज्या नोंदीचा उपयोग ती भरणाऱ्याला महिन्याभरात होत नाही ती नोंद मागूच नये. टाइमशीटमध्ये आम्ही पंचवीस रकाने होते ते पाच केले आणि पुढच्या अंदाजाच्या बैठकीत त्याच पाच रकान्यांचे आकडे भिंतीवर लावले. स्वतःच्या मागील कामाचा आकडा वापरून अंदाज बरोबर येऊ लागला, तसे लोक रोज संध्याकाळी भरू लागले. आणि हे मालकांच्या तोंडून जाहीर करून घ्या की या अप्रेझलचा कर्मचाऱ्यांच्या वार्षिक अप्रेझलशी काहीही संबंध नाही. दोन्हीकडे शब्द एकच असल्यामुळे लोक घाबरतात आणि रिव्ह्यूत सापडलेले दोष लपवतात.

प्रत्यक्ष तपासणीबद्दल दोन गोष्टी. 2018 च्या 2.0 आवृत्तीपासून कोणते प्रकल्प तपासायचे हे यादृच्छिक पद्धतीने ठरते, त्यामुळे एकच प्रकल्प सजवून ठेवण्याचा जुना मार्ग उपयोगाचा राहिलेला नाही. त्याच आवृत्तीने गव्हर्नन्स हे क्षेत्र स्वतंत्रपणे आणले, आणि त्यात वरिष्ठांनी काय करायचे हे विचारले जाते. म्हणजे आपले मालक ‘मी जबाबदारी सोपवली आहे’ एवढे म्हणून मोकळे होऊ शकणार नाहीत. त्यांनाही मुलाखतीला बसावे लागेल. सध्या 2023 ची 3.0 ही आवृत्ती चालू आहे, तेव्हा जुन्या आवृत्तीवरचे शिकवणी-साहित्य घेऊन बसू नका. मिळालेला स्तर तीन वर्षांपर्यंतच ग्राह्य असतो, आणि तो तपासलेल्या विभागाचा असतो, संपूर्ण कंपनीचा नव्हे. ग्राहकाला पत्र लिहिताना हे स्पष्ट लिहावे.

उंबरठा

मला थोडे वेगळे मांडायचे आहे. स्तरांची ही शिडी मला मुळातच अडचणीची वाटते. सॉफ्टवेअर चाचणीतज्ज्ञ जेम्स बाख यांनी 1994 मध्येच सीएमएमवर टीका केली होती की हे मॉडेल प्रक्रियेला अवाजवी आणि माणसांना फारच कमी महत्त्व देते, आणि पहिल्या स्तरावरच्या म्हटल्या जाणाऱ्या कितीतरी कंपन्या उत्तम सॉफ्टवेअर करतात. मी गेली नऊ वर्षे लहान टीममध्ये, दोन आठवड्यांच्या फेऱ्यांत काम करतो आहे. आमच्याकडे प्रत्येक फेरीच्या शेवटी सर्व जण एकत्र बसून काय अडले ते पाहतात आणि पुढच्या फेरीत एक गोष्ट बदलतात. हम्फ्रींच्या मांडणीनुसार हे पाचव्या स्तराचे काम, पण आम्ही ते पहिल्या महिन्यापासून करत आहोत. सुधारणा शेवटच्या पायरीवर ठेवल्यामुळे लोकांना वाटते की खालच्या पायऱ्यांवर फक्त नियम पाळायचे आणि विचार वर गेल्यावर करायचा. रातराणी यांनी ग्राहकाची अट जरूर पूर्ण करावी, पण टीमच्या या बैठका त्यासाठी बंद करू नयेत, ही कळकळीची विनंती.

जुना_क्यूए

उंबरठा यांचा मुख्य मुद्दा मला मान्य आहे, आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटनेही 2008 मधील एका अहवालात ॲजाइल (लहान फेऱ्यांत काम करण्याची पद्धत) आणि सीएमएमआय यांनी एकमेकांना शत्रू समजू नये असेच सांगितले होते. दर दोन आठवड्यांची ती बैठक कुठल्याही स्तरावर सुरू करता येते आणि करावीच. फक्त एक फरक नोंदवतो. टीमला जे अडते ते टीमला बैठकीत दिसते. पण शेजारच्या टीमने तीच अडचण सहा महिन्यांपूर्वी सोडवली होती हे तिला दिसत नाही. ते दिसण्यासाठी दोन्ही टीमची भाषा एक असावी लागते. वर रातराणी यांनी जे लिहिले, की एका टीमचा ‘दोष’ म्हणजे दुसऱ्या टीमचा ‘बदल’, तेथे कितीही प्रामाणिक बैठका घेतल्या तरी शिकलेले त्या खोलीबाहेर जात नाही. पहिल्या स्तरावर उत्तम सॉफ्टवेअर होतच नाही असे मॉडेल म्हणत नाही; ते पुन्हा होईल का, आणि दुसऱ्या माणसांकडून होईल का, एवढेच ते विचारते. पुढील करार देणाऱ्या ग्राहकाला नेमके तेच जाणून घ्यायचे असते.

रातराणी (पुणे)

सर्वांचे आभार. आज सकाळी मालकांबरोबर दोन तास बसले. ठरले ते असे : पहिले तीन महिने स्तराचे नावही काढायचे नाही. दोष म्हणजे काय आणि बदल म्हणजे काय याची अर्ध्या पानाची व्याख्या दोन्ही टीमच्या प्रमुखांनी मिळून लिहायची आणि महिन्याच्या शेवटी पुन्हा वीस नोंदींचा प्रयोग करायचा. टाइमशीटचे रकाने एकोणीसवरून सहावर आणले आहेत. कोड कोठे-कोठे पडून आहे याची यादी करायला दोघांना बसवले. दुपारपर्यंत एकाच मॉड्यूलच्या चार प्रती सापडल्या आहेत, त्यांतली एक तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये. दोन आठवड्यांची बैठक चालूच राहील आणि मालकांनी महिन्यातून एकदा तिला येऊन नुसते ऐकायचे कबूल केले आहे. वीस नोंदींचा दुसरा निकाल येथे कळवीन.